पायरीचा दगड

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. रविवार होता, जेवणं झालेली, आई खाटेवर जरा आडवी झाली होती आणि भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती नेदरलँडला असते, आयटीत. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको कुठंतरी फिरायला जातात आणि तिथनं आज्जीला फोन लावून सगळं दाखवतात, कालवे, सायकली, चीजची दुकानं. आईला त्यातलं निम्मं कळत नाही, पण नातीचं तोंड दिसतं म्हणून ती फोन डोळ्याजवळ धरून बसते. यावेळी मात्र फोनमध्ये एक गोल खोली दिसत होती. पांढऱ्या भिंती, वर जाड काळपट लाकडाची तुळई, आणि भिंती वर जाताना आत कललेल्या. आई म्हणाली, "काय दाखवलालीस गं हे? देऊळ हाय का?" तर भाची हसून म्हणाली, "नाही आज्जी, ही पवनचक्की आहे. म्हणजे होती. आता तिचं घर केलंय, आम्ही दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतलंय. आधी इथं पीठ दळायचे, वाऱ्यावर."

पीठ म्हटल्यावर आई उठून बसली.

मग भाचीनं सगळं घर फिरवून दाखवलं. जिना कसला, शिडीच ती, दोरी धरून चढायची. सगळ्यात वर झोपायची खोली, तिथं पूर्वी धान्याची पोती असायची म्हणे. त्याच्याखाली बसायची खोली, तिथं दगड फिरायचे. आणि त्याच्या खाली, दगडांमधनं पीठ लाकडी नळीतनं जिथं पोत्यात पडायचं, बरोब्बर त्या जागेवर स्वयंपाकघर. "मामा, इथं सरळ भिंतच नाहीये, एक कपाट धड लागत नाही," असं ती मला सांगत होती, आणि आई मध्येच म्हणाली, "अन् दगड कुठं गेले?" भाचीला क्षणभर कळलंच नाही. मग तिच्या लक्षात आलं आणि ती फोन घेऊन खाली उतरली, बाहेर आली, भुरभुर पाऊस होता, आणि तिनं फोन जमिनीकडं केला. "हे बघ आज्जी. दारातच बसवलाय. पायरी केलीय त्यांनी. किती भारी दिसतंय ना?" मोठा गोल दगड, अर्धा जमिनीत, मधल्या भोकात हिरवं शेवाळ.

आई काही बोलली नाही. "पायरी केली व्हय," एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. मग चूळ भरायला म्हणून उठली आणि दाराबाहेर गेली, आणि मी फोन हातात धरून तिच्याकडं बघत राहिलो. कारण आमच्या दारातली पायरी पण गिरणीच्या दगडाचीच होती. मीच बसवलेली ती. आईनं एका हातानं चौकट धरली, दुसऱ्या हातानं निऱ्या उचलल्या, आणि दगडाच्या कडेला जी शहाबादीची चार बोटं पट्टी आहे ना, त्याच्यावर पाय देऊन तिरकी होत ती खाली उतरली. येताना पण तशीच. दगडाला पाय लागू दिला नाही.

बारा-तेरा वर्षं ती पायरी होती तिथं. मी हे कधी बघितलंच नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही आणि मी मोबाईलवर पवनचक्क्यांबद्दल वाचत बसलो. का ते सांगता येणार नाही. आईच्या पायाबद्दल विचार करायचा नव्हता म्हणून असेल. मग तो नादच लागला, पुढचे पंधरा दिवस रोज रात्री तेच. आपल्याला पवनचक्की म्हटलं की साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या पठारावर उभ्या आहेत त्या पांढऱ्या, वीज करणाऱ्या, त्याच डोळ्यापुढं येतात. पण वाऱ्यावर दळण दळायची युक्ती हजार वर्षांहून जुनी आहे, आणि ती सुरू झाली इराणच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, जिथं उन्हाळ्यात सलग १२० दिवस वारा वाहतो म्हणून त्या वाऱ्याचं नावच '१२० दिवसांचा वारा' असं पडलंय. नश्तीफान नावाचं गाव आहे तिथं, त्या गावात मातीच्या उंच भिंतींमध्ये लाकडी पंखे उभ्या खांबाभोवती फिरतात, आपल्या रहाटपाळण्यासारखे नाही, तर भोवऱ्यासारखे. ते फोटो बघताना मला आपल्याकडचा एप्रिल-मे आठवला. सोलापूरला दुपारी जो वारा सुटतो, तापलेला, धुळीचा, दारं आपटणारा, त्याला आपण फक्त शिव्या देतो, आणि तिकडं लोकांनी त्याला कामाला लावलं.

युरोपात चक्कीचा फिरता खांब आडवा झाला, म्हणजे पंखे समोर तोंड करून उभे. इंग्लंडमधली पहिली पक्की नोंद ११८५ सालची आहे, यॉर्कशायरमधल्या एका गावातली. सुरुवातीच्या चक्क्या एका जाड खांबावर तोललेल्या असायच्या, वारा फिरला की अख्खी चक्कीच, पोती, दगड, माणसं सगळं धरून, मागच्या दांड्यानं ढकलून वाऱ्याकडं फिरवायची. मग दगड-विटांचे गोल मनोरे आले, त्यात फक्त वरची टोपी फिरायची. १७४५ मध्ये एडमंड ली नावाच्या माणसानं मागच्या बाजूला एक छोटा पंखा बसवायची युक्ती काढली, वारा वळला की तो छोटा पंखा फिरायचा आणि मोठ्या पंख्यांना आपोआप वाऱ्यासमोर आणायचा. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की अण्णांना हे सांगायला पाहिजे होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना असल्या गोष्टी लई आवडायच्या, कुणीही काही यंत्राबद्दल सांगायला लागलं की हातातलं पीठ झटकून उभे राहायचे.

आमची गिरणी सोलापूरच्या साखर पेठेत होती. होती म्हणजे जागा तीच आहे, आम्ही अजून तिथंच राहतो, आता गिरणी नाही एवढंच. पुढं गिरणी, मागं दोन खोल्या. आई १९६५ ला लग्न होऊन आली तेव्हा ऑइल इंजिन होतं, त्याचा पुक-पुक आवाज पार चौकापर्यंत जायचा असं ती सांगते, मग विजेची मोटर आली, दहा हॉर्सपॉवरची. मला कळायला लागल्यापासून मोटरचाच आवाज. तो आवाज घराच्या भिंतीत असायचा. पाण्याच्या तांब्यावर हात ठेवला तर थरथर लागायची. अभ्यास त्या आवाजात, झोप त्या आवाजात, आणि गिरणी बंद झाली की कानात एकदम कापूस कोंबल्यासारखं व्हायचं, जाग यायची. सगळ्या घरावर पिठाचा पातळ थर, देवाच्या फोटोवर, रेडिओवर, अण्णांच्या भुवयांवर. अण्णा अंघोळ करून आले की एकदम वेगळेच, तरुण दिसायचे, लहानपणी मला वाटायचं हे दुसरेच कोणीतरी आहेत.

गिरणीत डब्यांची रांग लागायची. माणसं निघून जायची, डबे उभे राहायचे. रांगेत मराठी, तेलुगु, कन्नड, उर्दू सगळं एकत्र, पद्मशाली बायका यायच्या, "पिंडी अय्यिंदा?" अक्कलकोटकडची एक म्हातारी यायची, "हिट्टु आतेन्री?" कुणी म्हणायचं आटा, कुणी पीठ. अण्णांना चारी भाषांत 'थोडा वेळ लागेल' एवढं नक्की यायचं. भांडण एकाच गोष्टीवरनं, नंबर. आणि दुसरा प्रश्न ठरलेला, "माझ्या आधी काय दळलं?" गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, बाजरीनंतर कुणालाच आपला गहू नको असायचा, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी अण्णा अख्खी गिरणी झाडून, पुसून फक्त उपवासाच्या भाजणीसाठी ठेवायचे. परवा भाचीनं सांगितलं की डच भाषेत एक म्हण आहे, आधी येईल त्याचं दळण आधी. म्हणजे तिकडं पण भांडण हेच. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या वाऱ्यावरच्या गिरणीपुढं पण बायका डबे, पोती घेऊन नंबरावरनं भांडत उभ्या असणार, आणि वारा पडला तर सगळ्याच खोळंबणार. आमच्याकडं वारा पडायचा नाही, लाईट जायची. भारनियमनाच्या दिवसांत तर रोजच. लाईट गेली की अण्णा दारात येऊन बसायचे आणि खांबाकडं बघायचे, एखादा नावाडी आभाळाकडं बघतो तसं.

दगडांबद्दल सांगायला पाहिजे. दोन दगड, कुरुंदाचे, वीस इंची, एक थिर, एक फिरता. दोन्हींच्या तोंडावर मधनं बाहेर जाणाऱ्या खाचा. धान्य मधल्या डोळ्यात पडतं, आणि खाचांमधनं चिरडत, कापत, बाहेरच्या कडेला पीठ होऊन येतं. खाचा झिजल्या की पीठ गरम यायला लागतं, गरम पिठाची भाकरी थापताना चिरते, आणि मग गिऱ्हाईक बोलून दाखवतं. तेव्हा दगड उघडून टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं खाचा परत कोरायच्या. अण्णा ते काम दुसऱ्या कुणाला देत नसत. गिरणीला सुट्टीच्या दिवशी पोत्यावर मांडी घालून, डोळ्याला जुना चष्मा, हातात टाकी आणि हातोडी, टिक टिक टिक, सगळी दुपार. कच उडून हाताला बारीक जखमा व्हायच्या. टाकी लावल्यावर पहिलं दळण कोंड्याचं, ते गाईला पण घालायचं नाही, टाकून द्यायचं, त्यात कचकच असते. मग दुसरं दळण आमच्या घरचं. आधी घरच्यांनी खायचं आणि मग गिऱ्हाइकाला. पवनचक्कीच्या दगडांचे फोटो मी बघितले तर खाचा सेम तशाच, मधनं कडेकडं जाणाऱ्या, आणि तिकडचे गिरणीवाले पण तसेच टाकी लावायचे, महिन्यामागनं महिने, तोच टिक टिक आवाज असणार. आणि पीठ बरोबर पडतंय का ते बघायला अंगठा आणि बोटात घेऊन चोळायचं, हे पण तसंच. अण्णा बोलता बोलता हात नळीखाली धरून पीठ चोळायचे आणि न बघता दगड जवळ-लांब करायची चाकी पाव वेढा फिरवायचे.

एका गोष्टीला मात्र ते घाबरायचे. दगडाला दगड लागायला. वरचं टोपलं रिकामं झालं आणि गिरणी तशीच फिरत राहिली तर दगडावर दगड घासतो, आवाज बदलतो, ठिणगी उडते. मी आठवी-नववीत असताना एकदा टोपल्याकडं लक्ष ठेवायला बसवलं होतं आणि मी गोष्टीचं पुस्तक वाचत बसलो. अण्णा मागच्या खोलीत जेवत होते. आवाज बदलला तसे ते भरल्या हातानं पळत आले. मला मारलं नाही. फक्त म्हणाले, "रिकामं फिरवायचं नसतं." नंतर कितीतरी दिवस मला ते वाक्य ऐकू यायचं. आई घरातल्या जात्याबद्दल हेच म्हणायची, जातं रिकामं ओढू नये, वैरण, म्हणजे दाणे, घातल्याशिवाय ओढू नये. मला वाटायचं ही बायकांची श्रद्धा आणि ते यंत्राचं शास्त्र. आणि आता वाचतो तर पवनचक्कीत याच्यासाठी एक घंटा असायची. वरचं धान्य संपत आलं की पट्टा सैल पडून घंटा वाजायची, कारण रात्री वारा चांगला असला तर गिरणीवाला रात्रभर दळायचा, डुलकी लागायची, आणि रिकाम्या दगडांच्या ठिणगीनं पिठाच्या धुळीत आग लागून चक्क्याच्या चक्क्या जळून गेल्यात. भाचीला मी मेसेज करून विचारलं, तिथं घंटा आहे का बघितलीस का. तिनं फोटो पाठवला. स्वयंपाकघरात खिडकीजवळ टांगलेली, लहान, पितळी. तिला वाटलेलं दाराची बेल आहे.

मिल हा शब्द पण माझ्या डोक्यात घोळत राहिला. सोलापुरात मिल म्हणजे कापडाची. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग सुरू झाली, तिलाच पुढं सगळे जुनी मिल म्हणायला लागले, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. अर्ध्या गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. आणि आमची ती गिरणी. लहानपणी मला प्रश्न पडायचा की कापड आणि पीठ दोन्हीला मराठीत पण गिरणीच का म्हणतात, गिरणी कामगार म्हणजे कापडाचा आणि गिरणीवाला म्हणजे पिठाचा. उत्तर आता मिळालं. इंग्लंडात १७७१ मध्ये आर्कराइटनं क्रॉमफर्डला सूत काढायचा कारखाना काढला तो पाण्याच्या चाकावर, म्हणजे पिठाच्या पाणचक्कीचीच युक्ती, म्हणून त्यालाही मिलच म्हणायला लागले. औरंगाबादची पाणचक्की आपण सहलीला बघितलेली असते, तिचंच भावंड म्हणायला पाहिजे जुन्या मिलला. अण्णा उगाच नाही मिलच्या लोकांना 'आपल्यातलेच' म्हणायचे. पहिली पाळी सुटली की मिलमधले लोक कापसाचे तंतू डोक्यावर घेऊन दळण न्यायला यायचे, अण्णांच्या डोक्यावर पीठ, दोघं पांढरे, समोरासमोर उभे.

१९७२ चा दुष्काळ मला अंधूक आठवतो. तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी यायची, मिलो. मंगळवेढ्याची मालदांडी खाणारी माणसं आमची, त्यांना ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. आई सांगते, बायका डबा ठेवताना मान खाली घालायच्या. अण्णा मिलो दळायचे पैसे घ्यायचे नाहीत काही जणांकडनं, पण तसं म्हणायचे नाहीत, 'लिहून ठेवतो' म्हणायचे. वही होती, ती मी नंतर बघितली. त्यात लिहिलेलंच नाही काही.

डच पवनचक्क्यांबद्दल एक गोष्ट वाचली ती मात्र फार लागली. पंखे थांबवताना ते कसे थांबवले याला तिकडं अर्थ आहे. अधिक चिन्हासारखे म्हणजे थोडा वेळ विश्रांती. फुलीसारखे म्हणजे बरेच दिवस बंद. वरचा पंखा टोकाला पोचायच्या जरासा अलीकडं थांबवला तर घरात आनंदाची गोष्ट आहे, बाळ झालं, लग्न आहे. आणि टोक ओलांडून जरासा पलीकडं, खाली उतरायला लागल्यावर थांबवला, तर कुणीतरी गेलंय. येणारा आणि जाणारा. दूरवरनं शेतातल्या माणसाला कळायचं. २०१४ च्या जुलैमध्ये युक्रेनवर मलेशियाचं विमान पाडलं, त्यात डच लोक खूप होते, तेव्हा शोकदिनाला देशभरच्या चक्क्यांचे पंखे असे उतरते करून ठेवले होते.

अण्णा गेले २००९ ला, मार्चमध्ये, पहाटे. सकाळी नेहमीसारखे लोक डबे घेऊन आले. शटर अर्धं उघडं होतं, घरातली माणसं ये-जा करत होती. गिरणीवर कामाला असणाऱ्या पोरानं मोटरचा पट्टा चाकावरनं उतरवून भिंतीच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लोकांनी आत वाकून बघितलं, पट्टा खिळ्याला बघितला, आणि डबे खाली ठेवून तिथंच उभे राहिले.

मी गिरणी चालवली एक वर्ष. चालवली म्हणजे पोरानं चालवली, मी नोकरीवाला. पण मिल एकेक करत बंद पडल्यापासून दहा किलोचं दळण दोन किलोवर आलेलं, उपनगरात गेलेल्यांच्या घरी घरघंटी, बाकीच्यांना पाकिटातला आटा, विजेचं बिल मात्र तेवढंच. मुलं मोठी झालेली, मागच्या दोन खोल्या पुरत नव्हत्या. २०११ ला आम्ही गिरणीचं घर केलं. मोटर भंगारात गेली, किलोवर. ज्या चौथऱ्यावर गिरणी होती तो फोडायला दोन दिवस लागले, काँक्रीट असलं घट्ट की गवंडी म्हणाला हे काय पुलाचं आहे का. तिथं आता आमचा ओटा आहे, गॅस आहे. भिंती तीन वेळा खरवडून रंगवल्या तरी पहिल्या पावसाळ्यात त्यातनं पिठाचा वास आला, ओल्या कणकेसारखा. बायको म्हणाली काहीतरी आंबलंय. आई काही म्हणाली नाही, त्या भिंतीजवळ खाट ओढून झोपली.

आणि दगड. थिरा दगड काढतानाच फुटला. फिरता चांगला निघाला. भंगारवाला तो न्यायला तयार नव्हता आणि मला पण तो द्यायचा नव्हता. कुणीतरी सुचवलं पायरीत बसवा, मोठमोठ्या फार्महाऊसमध्ये असं करतात, आठवण पण राहील. मला ते इतकं पटलं. शहाबादी फरशीच्या मधोमध, तोंड खाली करून, म्हणजे खाचांत पाय अडकायला नको, सिमेंटमध्ये बसवून घेतला. पाहुणे यायचे त्यांना मी दाखवायचो, हा अण्णांचा दगड. कौतुक व्हायचं. रोज येता-जाता माझा पाय त्याच्यावर पडायचा आणि मला खरंच बरं वाटायचं, की आपण काहीतरी जपलंय.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आई त्याच पायरीवरनं घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. आम्ही सगळ्यांनी तिच्या चपलेला दोष दिला, नवीन चप्पल आणली, रबरी. ती चारचारदा म्हणाली, चप्पल चांगली होती. आम्ही ऐकलं नाही.

त्या रविवारनंतर पंधरा-वीस दिवसांनी मी विचारलं. ती शेंगा सोलत बसली होती. "आई, तू दगडावर पाय देत नाहीस?" तिनं वर बघितलं नाही. "कसा देऊ? पंचेचाळीस वर्षं त्याच्यावर खाल्लंय." मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस इतकी वर्षं? ती थोडा वेळ गप्प बसली, शेंगांचा टक टक आवाज तेवढा. मग म्हणाली, "तू लई हौसेनं बसवला होतास."

मला तिथं बसवेना, उठवेना.

भाचीला सांगितलं तेव्हा ती पण गप्प झाली, मग म्हणाली, मामा, पण त्यांनी पण प्रेमानंच केलं असेल ना, ते घर ज्यांनी केलं त्यांनी. असणारच. नाहीतर तिथं काही उरलंच नसतं. एकोणिसाव्या शतकात त्या देशात नऊ-दहा हजार चक्क्या होत्या म्हणे. आधी वाफ आली, मग लोखंडी रोलरच्या गिरण्या आल्या, मग वीज. आता हजार-बाराशे उरल्यात. ज्या पाडल्या त्या पाडल्याच, काहींचे पंखे उतरवून नुसते बुंधे राहिले, त्यातल्या कित्येकांत माणसं राहायला गेली म्हणून ते उभे आहेत. किंडरडाइकला १९ चक्क्या ओळीनं उभ्या आहेत, १७४० च्या आसपासच्या, त्या पिठाच्या नाहीत, पाणी उपसायच्या. गिरणीवाला पहिल्यापासून बायकापोरांसकट आतच राहायचा, भिंतीतल्या कपाटात पलंग, डोक्यावर चाकं फिरतायत. तिथं आजही कुटुंबं राहतात आणि पंखे फिरवतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं गिरणीवाल्याच्या कसबालाच वारसा म्हणून मान दिला. इमारतीला आधी दिलेलाच होता. हे मी दोनदा वाचलं, की कसबाला दिला. वारा ऐकायचा कसा, दगड किती जवळ आणायचा, पीठ बोटात कसं चोळायचं, याला. अण्णांचं ते सगळं माझ्याकडं आलंच नाही, मी मागच्या खोलीत अभ्यास करत होतो. त्यांनीच बसवलं होतं अभ्यासाला, ते पण खरं आहे.

डिसेंबरच्या शेवटी, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची तयारी सुरू झालेली, गवंडी बोलावला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, कशाला काढता साहेब, चांगलाय की. कडेनं छिन्नी लावून अर्धा दिवस गेला. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, बोलत काहीच नव्हती, पण छिन्नी दगडाकडं सरकली की खुर्चीच्या हातावरची तिची बोटं आवळायची. शेवटी पहार घालून तिघांनी उचलला आणि कडेवर उभा केला.

खाली सिमेंटमध्ये त्याचं तोंड उमटलं होतं. मधला डोळा, आणि तिथनं कडेकडं जाणाऱ्या सगळ्या खाचा, पण उलट्या, इथं खोल त्या तिथं उंच, बारीक बारीक धारा. एका जागी दोन खाचांमध्ये अंतर जरा कमी-जास्त होतं, तिथं अण्णांचा हात चुकला असेल किंवा कुणी हाक मारली असेल. मी तिथं उकिडवा बसून त्याच्यावर हात फिरवला. खडबडीत होतं. गवंडी म्हणाला, हे पण फोडायचं ना? मी म्हटलं थांब जरा. तो बिडी ओढायला गेला, बिडी ओढून आला, मी तिथंच होतो. आई म्हणाली, "फोड बाबा. तिथं काही नाही आता. इथं हाय." तिचा हात दगडावर होता.

दगड आता स्वयंपाकघरात आहे, ओट्याच्या डाव्या बाजूला भिंतीशी, जिथं पूर्वी पिठाची नळी उतरायची त्याच्या जवळपास. तोंड वर करून, खाली विटांचं बुटकं चौरंग. बायकोला वाटत होतं अडचण होईल, आणि होते, पीठ मळायची परात ठेवायला जागा कमी पडते, बोट ठेचतं. खाचांत सिमेंट अडकलेलं होतं, ते आई चार दिवस जुन्या चमच्यानं उकरत बसली, आम्हाला हात लावू दिला नाही. पाचव्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, डब्यातनं मूठभर ज्वारी घेतली आणि मधल्या डोळ्यात घातली.

मी म्हटलं, आई, फिरणार आहे का तो आता.

"रिकामा ठेवू नये," ती म्हणाली आणि हात पदराला पुसला.

रात्री त्यातले दाणे उंदीर नेतो, नाहीतर सकाळी खिडकीतनं चिमण्या येऊन टिपतात. दुपारी मी ऑफिसमधनं फोन करतो तेव्हा कधीकधी मागं डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.